मांडवाचे खड्डे

कॉलेजातल्या आमच्या सरांचा सत्कार करायचं ठरलं तेव्हा पाहुण्यांचा परिचय मी करून देते असं मी आपणहून सांगितलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परिचय हे काम कुणालाच नको असतं. पण त्या कामात एक मोठी सोय आहे. परिचय चालू असताना पाहुण्याला मधे तोंड उघडता येत नाही. मान किंचित खाली, हात जोडलेले, चेहऱ्यावर संकोच, असं त्यानं बसून राहायचं असतं. सरांना एकदा तसं बसवायचं, हे माझ्या डोक्यात कधीचं होतं.

आम्ही म्हणजे तालुक्याच्या एकाच कॉलेजातून निघून दोह्यात येऊन स्थिरावलेली मंडळी. कुणी आयटीत, कुणी बँकेत, मी बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला. आमच्यातलं कुणी आयुष्यात बास्केटबॉल खेळलेलं नाही. आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर बसून घसा फोडणारे. आमच्या वेळी कॉलेजच्या मुलींच्या टीमनं शहरातल्या बड्या कॉलेजांना धूळ चारून विद्यापीठाची चॅम्पियनशिप आणली होती. टीमला धड बूट नव्हते, कोर्ट मातीचं होतं, आणि एका बाजूच्या रिंगला जाळीच नव्हती. त्यावर अलीकडे एका तरुण मुलीनं डॉक्युमेंटरी काढली. डॉक्युमेंटरी आल्यापासून शुक्रवारी दुपारी माझ्या अल सद्दच्या फ्लॅटवर जमायचं, बिर्याणी मागवायची आणि ती लावायची, हा आमचा कुळाचारच झाला.

शहरात झालेल्या फायनलचं एका जुन्या कॅमेऱ्यावरचं धूसर शूटिंग तिच्यात आहे. ते आलं की सगळे गप्प. मग आमचा वर्गमित्र, जो तेव्हा मॅचला तेलाचा रिकामा डबा घेऊन यायचा, तो दर वेळी म्हणणार, "हा आवाज ऐका. हा माझा डबा." त्याची बायकोही आमच्याच कॉलेजची. तिचं म्हणणं, डाव्या कोपऱ्यात क्षणभर जे कोपर दिसतं ते तिचं आहे. त्यावरून दोघांची दर शुक्रवारी जुंपते. शेवटच्या बास्केटच्या वेळी कोण तिथल्या भिंतीवरून पडलं, कोण रडलं, परतीच्या टेम्पोत कोण नाचलं, सगळं पुन्हा उगाळलं जातं.

त्या धूसर शूटिंगमध्ये माझं काहीच नाही. फायनलच्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात ताईच्या खाटेशी बसले होते. ताई, माझी सख्खी थोरली बहीण, त्या टीमची कॅप्टन.

झालं होतं असं. स्पर्धेच्या तोंडावर कॉलेजचं गॅदरिंग होतं. मांडव घालायला सरांनी, म्हणजे जिमखान्याचे प्रमुख म्हणून त्यांनीच, बास्केटबॉलचं कोर्ट दिलं. खांब रोवायला पहारीनं खड्डे पाडले. गॅदरिंग झालं, मांडववाले खांब उपटून गेले, खड्डे राहिले. ताई रोज सरांकडे जायची. सर, दोन घमेली मुरूम टाकला तरी काम होईल. सर म्हणायचे, बघू. मुली खड्डे चुकवत सराव करत राहिल्या. निघायच्या चार दिवस आधी, आम्ही सगळे भिंतीवर बसून सकाळचा सराव बघत असताना, ताईचा पाय एका खड्ड्यात गेला आणि घोटा मोडला. टीम तिच्याशिवाय गेली आणि जिंकून आली. टीममधल्या मुलींना पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकऱ्या लागल्या. ताईचा पाय वाकडा सांधला. ती गावातच राहिली आणि अजून लंगडते.

आता डॉक्युमेंटरीत सर खुर्चीत ऐसपैस बसून काय सांगतात? की ते खड्डे त्यांनी मुद्दाम ठेवले होते. "चेंडूवर ताबा यावा म्हणून मी मुलींना शेवटच्या दिवसापर्यंत त्या खड्ड्यांमधूनच पळवलं. लोक मला वेडा म्हणाले." मागे बासरी वाजते. आणि मग ते वाक्य येतं: "आमच्या कॅप्टननं ऐन वेळी कच खाल्ली. पण मी डगमगलो नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली प्लेट मी टेबलावर आपटली. तेव्हापासून ते वाक्य जवळ आलं की तो डब्याचा मित्र रिमोट उचलायचा आणि पुढे न्यायचा. माझ्यासाठी. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. एका शुक्रवारी माझ्या मुलीनं विचारलं, "ममा, व्हाय डू वी ऑलवेज स्किप धिस अंकल?" मित्रानं तिच्या प्लेटमध्ये आणखी बिर्याणी वाढली. तेव्हा मला सरांपेक्षा आमचाच राग आला. त्या भिंतीवरच्या प्रत्येकानं ताईला पडताना पाहिलं होतं, आणि आम्ही करत काय होतो, तर बटण दाबत होतो.

मग बातमी आली की सर मुलाकडे येतायत. मुलगा इथेच, द पर्लला राहतो. मित्र म्हणाला, सर येतायतच तर हॉल घेऊ, इथल्या सगळ्या मराठी लोकांना डॉक्युमेंटरी दाखवू आणि सत्कार करू. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे गं आता. वय झालंय त्यांचं."

"वय ताईचंही झालंय," मी म्हणाले. "परिचय मी करते. आणि शाल कुणाच्या हस्ते द्यायची ते मी ठरवणार."

ताईला मी महिन्याभरासाठी बोलावून घेतलं. तिनं डॉक्युमेंटरी पाहिलेली नव्हती, पण ते वाक्य तिच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. गावात असली वाक्यं पोचायला वेळ लागत नाही. मी सगळा बेत सांगितला. कॅप्टन पळाली नव्हती, पडली होती, एवढं मला चार लोकांत आणि सरांच्या देखत म्हणून घ्यायचं होतं. ती भाजी निवडत होती. जुडी संपवून तिनं देठ कागदात गुंडाळले.

"स्टेजला पायऱ्या आहेत का?" तिनं विचारलं.

"दोन. कठडा नाही."

"चालेल. पण मला भाषण करायला लावू नकोस."

अल नस्रमधल्या एका हॉटेलचा वरचा हॉल होता. नारळ मित्रानं शोधून आणला. शाल त्याच्याच कपाटातली, त्याला मागच्या वर्षी मिळालेली. सत्काराची शाल कुणी पांघरत नाही, ती पुढच्या सत्काराला जाते. सर कोट घालून आले, सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवत पुढे बसले. ताई मागच्या रांगेत माझ्या मुलीशेजारी बसली होती.

"यल्ला, सुरू करू या," मित्र म्हणाला आणि दिवे गेले.

ते वाक्य आलं तेव्हा लॅपटॉपपाशी मी उभी होते. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे बांधले. भरल्या हॉलमध्ये पहिल्यांदा ते पूर्ण ऐकू आलं. ताईचा चेहरा मला अंधारात दिसला नाही.

दिवे लागले. सर स्टेजवर गेले. मी परिचय सुरू केला आणि जेवढे आदरार्थी शब्द येतात तेवढे वापरले. सरांनी कोर्ट मांडवाला देण्याचा मोठेपणा दाखवला. सरांनी खड्ड्यांबाबतची प्रत्येक विनंती अत्यंत शांतपणे ऐकून घेतली. एका कॅप्टनचा घोटा त्या खड्ड्यात मोडला, तरी सर डगमगले नाहीत. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग काही टाळ्या मधेच थांबल्या. सर मान खाली घालून, हात जोडून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला अतिशय बरं वाटत होतं. "सरांना शाल आणि श्रीफळ," मी म्हणाले, "त्या कॅप्टनच्या हस्ते."

ताई उठली. तिला कुणी आधार द्यायचा नाही असं मी बजावून ठेवलं होतं. ती खुर्च्यांमधून लंगडत पुढे आली, लोक पाय आत घेत तिला वाट देत गेले. सर उभे राहिले. पण हा माणूस कच्च्या गुरूचा चेला नाही. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि गहिवरून म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. माझ्या मुलीसारखी. पोरी, किती वर्षांनी भेटलीस." आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. चक्क कडकडाट. एवढं सगळं करून हा माणूस तिलाही खिशात घालून जाणार, असं मला वाटलं.

ताई शालीची घडी उलगडत होती. घरच्या माणसाला काही विचारावं तशा आवाजात ती म्हणाली, "सर, ते खड्डे मग कधी बुजवले हो?"

"अगं, लगेच," सर म्हणाले. माइक तोंडाशीच होता. "तू पडलीस त्याच दुपारी. मुरूम टाकला, ठोकून बसवला. आणखी कुणी पडायला नको म्हणून."

हॉलमध्ये सगळ्यांनी आत्ताच पडद्यावर सरांच्याच तोंडून ऐकलं होतं की खड्डे शेवटच्या दिवसापर्यंत मुद्दाम ठेवले होते आणि कॅप्टननं कच खाल्ली होती. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीकडे वळून बघायला लागली. सरांनी माइक खाली घेतला, पण उशीर झाला होता.

"म्हणजे मी पडले होते," ताई म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं."

तिनं शाल त्यांच्या खांद्यांवर नीट घातली, पुढून सारखी केली, हातात नारळ दिला. मग पाय दुखत होता म्हणून स्टेजवरच्या त्यांच्या खुर्चीत बसली. सर सत्काराला उत्तर द्यायला उभेच होते. घसा बसलाय असं काहीतरी म्हणून त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं. जेवणाच्या वेळी त्यांच्यासोबत फोटो काढायला कुणी गेलं नाही. मुलगा त्यांना लवकर घेऊन गेला. मला त्यांची दया आली का, असं मित्राच्या बायकोनं नंतर विचारलं. नाही आली. मी दोनदा गुलाबजाम घेतले.

पुढच्या शुक्रवारी ताई आमच्यात होती. बिर्याणी आली, डॉक्युमेंटरी लागली, डबा आणि कोपर यांवरून भांडण झालं. सर खुर्चीत बसलेले दिसले तसा मित्राचा हात सवयीनं रिमोटकडे गेला.

"राहू दे," ताई म्हणाली.

वाक्य आलं आणि संपलं. ताईनं वाकडा पाय उशीवर सरळ ठेवला आणि हसत प्लेट मांडीवर घेतली.

"मागे घे," ती म्हणाली. "परत लाव."