लाल शाईतला बायोडाटा

माझ्या बाबांचं इंग्रजी चुकीचं आहे. थोडंथोडकं नाही. 'हे टाळा' म्हणून पुस्तकात जी यादी देतात, ती जवळजवळ अख्खी ते एका पानात वापरतात. मी तालुक्याच्या शाळेत दहावीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे ती यादी मला तोंडपाठ आहे. हरवण्याचा 'लूज' आणि सैल असण्याचा 'लूज' यांत 'ओ' किती, सल्ला देताना 'एस' लावायचा की 'सी', 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' का नको, 'रिटर्न'ला 'बॅक'ची गरज का नाही. हे सगळं मी फळ्यावर लिहिते, मुलांकडून घोटून घेते आणि परीक्षेत गुणही कापते. तरीसुद्धा बाबांच्या इंग्रजीला कोणी माझ्यासमोर हसलं, तर मी ऐकून घेत नाही.

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी असल्या चुकांचा फोटो टाकतं. कुठल्या ढाब्याची पाटी, कुठल्या सरपंचाचं निमंत्रण. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. एकदा मी तिथंच लिहिलं, की हसणाऱ्यांनी आधी स्वतः चार ओळी लिहून दाखवाव्यात. दोन दिवस ग्रुप शांत होता. मग मुख्याध्यापक मला म्हणाले, मॅडम, एवढं मनावर घ्यायचं नसतं. मी म्हटलं, घ्यायचं असतं.

बाबा दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झाले आणि शेतीला लागले. शाळा सुटली, इंग्रजी मात्र त्यांनी सोडलं नाही. खताच्या पोत्यावरचं वाचलं, मोटरपंपाच्या खोक्यातलं पुस्तक वाचलं, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचला. पुढं ते आसपासच्या चार गावांचे अर्ज लिहू लागले. तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, फुटलं आणि पाणी धानात न येता नाल्यात वाहून चाललं, तेव्हा अर्ज बाबांचा. कोणाच्या पोराला वसतिगृहात जागा हवी, अर्ज बाबांचा. मराठीत का नाही लिहीत, असं मी लहानपणी विचारलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "मराठी अर्जाले साहेब 'ठेवून जा' म्हणते. इंग्रजी अर्जाले 'बसा' म्हणते."

आणि ते खरं होतं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' अशी सुरुवात करून बाबा पुढं बेधडक सुटत. 'सिन्स थ्री मंथ वॉटर इज गोइंग वेस्ट अँड नोबडी डिड नॉट केम.' साहेब आधी हसे, मग दुसऱ्यांदा वाचे, आणि तोवर अर्ज आणणारा माणूस खुर्चीवर बसलेला असे.

आता जे सांगते ते आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. बी.ए.ला असताना मी भंडाऱ्याला होस्टेलवर राहत होते. बाबांनी माझ्या सुट्टीसाठी वॉर्डनबाईंना पत्र लिहिलं. ते देण्याआधी मी मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवलं, बाबांच्या आवाजात, हातवारे करून. सगळ्या लोळून हसल्या. मी सर्वांत जास्त हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शिक्षण झालं आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. आजकाल बायोडाटा दुकानात टाइप करून, वर गणपती टाकून, फोटो चिकटवून देतात. बाबांना ते पटेना. मुलगी माझी, तर कागदही माझ्या हातचा जाईल, म्हणाले. दोन पानी बायोडाटा त्यांनी निळ्या शाईनं लिहिला. 'माय डॉटर इज वेरी कोऑपरेटिव्ह नेचर. शी कॅन ड्राइव्ह स्कूटी अल्सो.' आणि शेवटी घराचा रस्ता, कारण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी पाहायला या असं आवतण त्यातच होतं. 'फ्रॉम आंधळगाव यू कम स्ट्रेट. आफ्टर टँक देअर इज टू रोड. डू नॉट टेक रोड हू इज गोइंग टू राइस मिल. टेक अदर. आस्क टू एनी पर्सन, यू विल नॉट लूज.' मी वाचलं आणि एकही चूक न दाखवता परत दिलं. होस्टेलमधलं पत्र तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं होतं.

मामानं तो कागद नागपूरच्या एका घरी दिला. पंधरा दिवसांनी तो हसतच परत आला. स्थळाला मुलगी पसंत होती, मंडईला येतो म्हणाले होते. सोबत त्यानं तो बायोडाटाही परत आणला होता. दोन्ही पानं लाल झाली होती. शब्दाशब्दाभोवती गोल, वर बारीक अक्षरात दुरुस्ती, रस्त्याच्या वाक्यांना तर लाल शाईनं पार सोलून काढलेलं. खाली शेरा होता, 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'.

"मुलाचे काका कॉलेजात इंग्रजी शिकवते," मामा म्हणाला. "हाताले सवय आहे त्यायच्या. मनावर नोका घेऊ, भाऊजी."

बाबांनी दोन्ही पानं वाचली. एकेका गोलावर बोट ठेवत, हळूहळू. मग घडी करून खिशात ठेवली आणि धानाच्या बांधीवर निघून गेले. त्या दिवसापासून त्यांचं इंग्रजी बंद झालं. एसटीच्या ड्रायव्हरला ते रोज 'गुड मॉर्निंग, हाऊ आर यू फाइन' म्हणायचे, ते थांबलं. कोणी अर्ज घेऊन आलं की म्हणायचे, "माह्या डोळ्याले आता बराबर दिसत नाही. पोरीपाशी जा." डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. बांधीत बसून ते धानावरची बारीक कीड शोधत असत.

आई विचारून थकली, "काहून लिहीत नाही हो तुमी?" अर्ज मी लिहू लागले. एकही चूक नसलेले, स्वच्छ अर्ज. आणि मला रोज वाटायचं, मी बाबांच्या जागेवर बसले आहे आणि त्यांना उठवायला होस्टेलमधल्या त्या हसण्यानं मीही हातभार लावला आहे.

दिवाळी सरली, आमच्या गावची मंडई आली. मंडईला आमच्याकडे घराघरात पाहुणे असतात. दुपारी दंडारीचं नाटक, पाळणे, मिठाईची दुकानं, आणि त्या गर्दीत सोयरिकीही जुळतात. मामा आधीच येऊन बसला होता, मग नागपूरची मंडळी गाडीनं आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि ते काका. बाबांनी पाय धुवायला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या आणि स्वतः दाराशी बसले. ते मराठीतसुद्धा मोजकंच बोलत होते.

चहापोहे झाले आणि काकांनी वही आणि पेन माझ्यापुढं केलं. मुलीला कागदावर नाव-गाव लिहायला लावायची रीत आमच्याकडे जुनी आहे. पूर्वी मुलगी शिकलेली आहे का हे पाहायला, नंतर अक्षर पाहायला, आता काय पाहायला ते कोणालाच माहीत नाही. पण कागद पुढं होतोच. काका म्हणाले, "बी.ए. इंग्लिश ना तुम्ही? मग स्वतःविषयी थोडं इंग्रजीत लिहा. घरात कोणाचं तरी इंग्रजी शुद्ध असायला हवं."

मुलाची आई हसली. मामाही हसला. मी बाबांकडे पाहिलं. ते अंगणाकडे बघत होते.

मी पेन उघडलं आणि लिहायला लागले. 'माय डॉटर इज वेरी कोऑपरेटिव्ह नेचर.' तिथपासून राइस मिलच्या रस्त्यापर्यंत, बाबांनी जसं लिहिलं होतं तसं. 'हू' तिथं 'हू', 'आस्क'नंतर 'टू', आणि 'लूज'ला दोन 'ओ'. इतक्या सुंदर अक्षरात मी कधी पेपरसुद्धा लिहिला नसेल. वही काकांना दिली. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि वर पाहिलं.

"हे काय आहे?"

"बाबाचं आहे," मी म्हटलं. शुद्ध मराठी कधीच तोंडातून गेली होती. "तुमीच लाल केलं होतं ना, तेच. जसंच्या तसं. आता एक सांगा. आंधळगाववरून येतानी तुमचा रस्ता चुकला काय?"

काका पुन्हा वहीत पाहू लागले. मग मुलगाच म्हणाला, "नाही चुकला. गाडीत मीच वाचत होतो, त्या कागदाचा फोटो होता माझ्याकडे. तळ्यानंतर राइस मिलचा रस्ता सोडला आणि सरळ दारात आलो."

"मंग त्या कागदात गलती कोणती आहे?"

काकांनी वही मिटली. बाबा उठले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आत जा." मग पाहुण्यांपुढं हात जोडले. "पोरगी बोलली, मी माफी मागतो. पण जेवल्याबिगर जाऊ नोका. मंडईचा दिवस आहे." मंडळी जेवली. आईनं केलेले वडे आणि पातोडीची भाजी त्यांनी मान खाली घालून खाल्ली आणि दंडार न पाहता निघाली. चार दिवसांनी मामाचा फोन आला, मुलगी तापट आहे म्हणून नकार. त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा सरळ होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढं माझं लग्न दुसऱ्या घरी झालं.

पाहुणे गेल्यावर मला वाटलं होतं, बाबा पाठीवरून हात फिरवतील. ते दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी धानाचे भारे आणताना मीच विचारलं, रागावलात का.

"त्या माणसानं माहा कागद चार लोकायले दाखवला," ते म्हणाले. "तू बी तेच केलं. मले विचारलं नाही."

काकांना मी सुनावलं, त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. पण बाबांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांच्यासाठी भांडले आणि त्यांनाच पुन्हा भर खोलीत उघडं केलं. मी तसं त्यांना सांगितलं, होस्टेलमधलं पत्रही सांगितलं. त्यांनी ऐकलं, भारा खांद्यावर नीट केला आणि पुढं चालू लागले.

त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी काकू आली. तिच्या अंगणातला विजेचा खांब वाकून छपरावर आला होता. तिनं कोरा कागद बाबांपुढं धरला. बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"हिचा नोको," काकू म्हणाली. "हिचा नेला होता मागं. लय साफ राहते. साहेबानं नजर फिरवली अन् ठेवून देला. तुह्यावाला वाचाले त्याले टाइम लागते, भाऊ. तेवढ्यात मी खुर्चीवर बसतो, अन् खांबाचं तोंडानं सांगून टाकतो."

बाबा हसले. किती तरी दिवसांनी. खिशातून पेन काढून तिथंच पायरीवर बसले, गुडघ्यावर पाटी घेऊन लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "पाह्य बरं, चुकलं काय?"

दोन चुका होत्या. त्यांनी विचारलं होतं म्हणून मी दोन्ही दाखवल्या. पहिली त्यांनी खोडून नीट केली. दुसरीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे राहू दे," ते म्हणाले. "हे मी असंच लिहितो." आणि त्यांनी खाली सही केली.