टेप, डिस्क आणि खंडेनवमीची समई

धारवाडच्या मळमड्डी भागातल्या आमच्या संग्रहात गाणी कमी आणि धसके जास्त साठलेत! चहाला बसलं की एखादा बाहेर निघतोच.

इथल्या घराघरांत गायलेली जुनी गाणी आम्ही कॉम्प्युटरवर जपतो. कारभार अप्पांचा, ते निवृत्त प्राध्यापक. कॉम्प्युटर मी बघते, आणि कॅसेटी उतरवून घेतो बसवराज, आमचा बसू. अप्पांच्या पत्नी, आमच्या अक्का, फक्त घरात गायच्या. त्यांचं एकच रेकॉर्डिंग. अक्का गेल्या, मागोमाग कॅसेट बुरशीनं गेली, उरली ती फाईल. अप्पांनी ती कधीच ऐकली नव्हती. "लावताना काही बिघडलं तर?" एवढंच म्हणायचे.

*

एका दुपारी खोलीत टक् टक् सुरू झालं. पाल चुकचुकली समजून अप्पांनी टेबलावर बोटं वाजवली, "कृष्ण, कृष्ण!" बसूनं वाजवली. मीही वाजवली, उगाच विषाची परीक्षा कशाला!

पाल नव्हती. हार्ड डिस्क होती. संध्याकाळपर्यंत ती कायमची गप्प झाली.

दुसरी प्रत होती म्हणून अक्का वाचल्या. पण तेव्हापासून भिंतीवरचं घड्याळ वाजलं तरी मला घाम फुटतो.

*

मग वाद पेटला, फाईली साठवायला कॉम्प्युटरची टेप घ्यायची की आणखी डिस्का? हुबळीहून आलेला विक्रेता टेपचे गोडवे गात होता. "कपाटात ठेवा आणि विसरा सर, वर्षानुवर्षं काही होत नाही!"

बसूनं कपाटातून जुन्या टेपचा स्पूल, म्हणजे रीळ, काढून त्याच्यापुढे ठेवला. अगदी नवाकोरा दिसत होता.

"ह्याला पण काही झालं नाही री सर. वाजवायचं मशीनच कुठं मिळंना!"

अप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे डिस्क मरते, आणि टेप जिवंत राहून मुकी होते!"

शेवटी दोन्ही घेतलं. टेप आणि तिचं मशीन अप्पांकडे, एक डिस्क माझ्या हुबळीच्या घरी, एक बसूच्या गावी, अळणावरला. एकीकडे आग लागली तरी दुसरीकडे अक्का राहतील, असा विचार.

*

बसूनं डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि छातीशी धरून अळणावरच्या बसमध्ये बसला. खड्डा आला की डोळे मिटायचा. शेजारच्या बाईंनी धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं, "काय आहे रे तम्मा त्यात?"

भेदरलेला बसू म्हणाला, "आमच्या अक्का."

बाईंनी हात जोडले आणि अख्खी सीट सोडून दिली!

*

आणि मग खंडेनवमी.

अप्पांनी आम्हाला वेगवेगळे फोन केले. "तुझ्याकडची डिस्क पूजेला घेऊन ये." मला वाटलं फक्त माझीच. बसूला वाटलं फक्त त्याचीच. पोचते तर एकाच टेबलावर टेप, बसूची डिस्क, वर झेंडूची माळ, आणि शेजारी पेटती समई!

"अप्पा, सगळ्या प्रती एकत्र?"

"अगं, हत्यारं सगळी एकत्रच पुजायची. तुझी ठेव."

ठेवली. हळदीकुंकू झालं. मी डिस्क उचलायला हात पुढे केला, तर अप्पा म्हणाले, "पुजलेलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय हलवायचं नाही. दिवाही शांत करायचा नाही."

दार वाऱ्यानं आपटत होतं, ते मी लावून घेतलं. बसूनं धावत पडदे काढले, मग पाण्याची बादली आणली. "पाणी लांब ठेव!" मी किंचाळले.

"तुम्ही घरी जा, दिवा मी बघतो," अप्पा म्हणाले. कोणी गेलं नाही. उजाडेपर्यंत तिघंही त्या ज्योतीकडे बघत बसलो. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

सकाळी उत्तरपूजा झाली. मी हुश्श करून दार सताड उघडलं. बसू डिस्क टॉवेलात गुंडाळू लागला, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब. तुमच्या अक्कांचं लाव."

बसूनं टॉवेल खाली ठेवला.

"हे जळलं असतं, तर माझं ऐकायचंच राहिलं असतं," ते म्हणाले.

बसूनं टेप मशीनमध्ये सरकवली, फाईल कॉम्प्युटरवर उतरवली आणि लावली. आधी नुसती खरखर. मग तंबोरा. मग अक्कांचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा:

"अहो, आधी ते दार लावा बघू. वारा येतोय."

अप्पा उठले आणि दार लावून आले.