मोंबासावालीचा कंगवा

इकडे ये गं पोरी, बस जवळ, आणि तो रुंद दातांचा कंगवा आधी खाली ठेव. ऊठसूट हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं! आम्ही तिकडे अमिरातीत अल ऐनला होतो तेव्हा शेजारी केनियातल्या मोंबासाची एक नर्स राहायची. तिला सरळ, चकचकीत विगाशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. एका शनिवारी मी खोबरेल तेल कोमट करत होते, तर वासाने ओढल्यासारखी दारात आली, डोक्याला टॉवेल गुंडाळून. "आंटी, विगाखाली डोकं नुसतं भाजतं. पण हे घट्ट कुरळे केस घेऊन ड्यूटीवर कशी जाऊ? हसतील सगळे." मी तिला पुढ्यात बसवलं, तेल चोळलं, आणि शहाणपणाने आपली बारीक दातांची फणी फिरवली. कटकन दोन दात तुटले! "अगबाई, केवढे हट्टी केस," मी बोलून गेले. ती हळूच म्हणाली, "लहानपणापासून हेच ऐकतेय, आंटी. हट्टी केस नाहीत, कंगवा चुकीचा आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली. घरी जाऊन हा कंगवा घेऊन आली, केस ओले केले, टोकाकडून कसे सोडवायचे ते मला शिकवलं. सोमवारी लिफ्टमध्ये भेटली, केस डोक्याभोवती छान गोल फुललेले. "विग पर्समध्ये आहे हं, धीर सुटला तर," म्हणाली. संध्याकाळी परतली तेव्हाही तो पर्समध्येच होता. आता ती रास अल खैमाला असते, कंगवा मात्र माझ्याकडे ठेवून गेलीय. कालच फोनवर दटावलं तिला, "यल्ला, चल आता, पुरे झाली ड्यूटी, तेल कोमट करून ठेवते, लवकर ये बघू."