एका ठिपक्याची खुर्ची

कल्पना करा, तुमच्या हातात दहा मिनिटं आहेत. समोर लांबलचक टेबल, पलीकडे पैसे गुंतवणारी तीन माणसं, भिंतीवर तुमच्या कामाचा आलेख. नऊ वर्षं जे केलंत ते अशा रीतीनं सांगायचं, की तिघांपैकी एकाला तरी खिशात हात घालावासा वाटावा. सुरुवात कुठून कराल?

सगळे ज्यांना चाकवाल्या बाई म्हणायचे, त्यांनी सोबत आणलेली व्हीलचेअर टेबलाभोवती एकदा फिरवून दाखवली. आवाज शून्य.

बाई आधी एका रुग्णालयाच्या भांडारात होत्या. थोडक्या दुरुस्तीवाचून भंगारात जाणाऱ्या खुर्च्या बघून त्यांचा जीव तुटायचा. शेवटी नोकरी सोडून त्यांनी दोन गाळ्यांत कारखाना थाटला. ज्याला परवडेल त्यानं मजुरी द्यायची, बाकीच्यांना फुकट. दुरुस्त खुर्चीच्या मागच्या नळीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. तीच खुर्ची परत आली की दुसरा. रस्त्यात एका ठिपक्याची जुनी खुर्ची दिसली की बाई दिवसभर खुशीत.

आता मालकानं ते गाळे विकले होते. महिनाअखेरीला जागा सोडायची. नवी जागा आणि दोन कारागिरांचा वर्षभराचा पगार जमला तर कारखाना, नाहीतर कुलूप. आधी त्या एका देणगी देणाऱ्या संस्थेत जाऊन आल्या. तिथल्या अधिकारी म्हणाल्या, "तुम्ही मजुरी घेता, म्हणजे हा धंदा झाला. गुंतवणूकदारांना भेटा."

म्हणून आजचं हे टेबल. आलेख दिरानं काढला होता. तो संगणक शिकवतो. आदल्या दिवशी त्यानं सांगून पाहिलं होतं.

"वहिनी, परत येणाऱ्या खुर्च्यांचा आलेख काढून टाकू."

"का रे? तोच तर आपला हुकमी एक्का."

"अहो, रेघ खाली घसरतेय. पैसेवाल्यांना हे दाखवायचं म्हणजे दुकान उघडतानाच 'बंद आहे' अशी पाटी लावायची."

"घसरतेय म्हणजे दुरुस्ती टिकतेय. एवढं कळत नसेल तर ते पैसेवाले झाले कसे?"

दिरानं हात टेकले. आलेख राहिला, तोही सगळ्यात आधी.

"पूर्वी शंभरातल्या साठ खुर्च्या वर्षाच्या आत परत यायच्या," बाई अभिमानानं सांगत होत्या. "आता अकरा."

मधल्या चष्मेवाल्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. "म्हणजे एकोणपन्नास गिऱ्हाईकं गेली."

"गेली नाहीत. फिरताहेत."

तो मनापासून हसला. "नव्या खुर्च्या येतात?"

"येतात की. आठवड्याची रांग असते."

"शहरात एकूण खुर्च्या किती आहेत?"

बाईंनी दिराकडे पाहिलं, दिरानं आलेखाकडे. हे दोघांनीही कधी मोजलं नव्हतं.

"बाई, काम तुमचं नामी आहे. अडचण तीच आहे. तुम्ही जितकं चांगलं कराल तितका धंदा आक्रसणार. दर सहा महिन्यांनी लोकांना यावंच लागेल, असं काही करता येईल?"

"सहा महिन्यांत खराब होईल असं बेअरिंग घालायचं?"

"तसं मी म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालात?"

दिरानं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. चष्मेवाल्यानं न रागावता एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "अशा कामाला देणगीच बरी. यांना भेटा."

चिठ्ठीवर त्याच संस्थेचं नाव होतं. बाईंनी आभार मानले आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

परतताना रिकामी खुर्ची त्याच ढकलत होत्या. वाटेत म्हणाल्या, "बोल, 'मी सांगत होतो' म्हणून. आज तुझा दिवस आहे."

"नाही बोलत," दीर म्हणाला. "खुर्ची द्या इकडे, मी ढकलतो."

खुर्ची एका निवृत्त बस कंडक्टरची होती. आजच्यापुरती बाईंना देऊन तो सकाळपासून पलंगावर बसून होता.

"जिंकलात?" त्यानं विचारलं.

"चाक कुरकुरलं नाही, एवढं खरं."

त्याला सगळं कळलं. खुर्चीत बसून त्यानं हात मागे नेऊन सहा वर्षांपूर्वीचा एकुलता ठिपका चाचपला. "आणि आता ही बिघडली तर?"

"नाही बिघडायची," बाई म्हणाल्या. नेहमी यापुढे त्या "बिघडली तर मी आहेच" म्हणायच्या. आज तेवढं राहिलं.

कारखान्यात त्या पाने-पक्कड, स्पोक, बेअरिंगच्या डब्या खोक्यांत भरू लागल्या. नेलपॉलिशची बाटली हातात आली, ती कुठल्या खोक्यात टाकावी ते त्यांना सुचेना. दीर स्टुलावर बसून चष्मेवाल्याला ईमेल लिहीत होता.

"भेटीबद्दल आभार, एवढंच लिहितो."

"पुढे एक विचार त्यांना," बाटली मुठीत धरून बाई म्हणाल्या. "म्हणावं, सहा वर्षांत जी खुर्ची एकदाही परत आली नाही, ती तुमच्या आलेखात कुठे दाखवायची?"