पोकळ गोळी

टीव्हीवर आज गोळीचं चित्र दाखवलं, मधोमध कापलेलं. टोकाला नुसता एक खळगा, बाकी सगळी भरीव. सरकारनं पोलिसांसाठी असल्या गोळ्या घ्याव्यात का, यावर चार माणसं भांडत होती. मांडीवरचं बाळ त्या खळग्याकडं बोट करून हसलं आणि मला कालचं माझंच बोलणं आठवलं.

हा वाद मी कालही ऐकला होता, भाकरी थापताना, अर्ध्या कानानं. 'पोकळ गोळ्या' एवढंच कळलं. मला वाटलं, पोकळ धमकी असते तशीच ही, नुसता आवाज. आम्ही पोलीस लाइनीत राहतो, म्हणून धाकट्या बहिणीनं कालच फोन करून विचारलं, "ताई, आमचा अंगणवाडीवाल्यांचा मोर्चा आहे उद्या, जाऊ का गं? भीती वाटते." मी शहाणी म्हणाले, "जा बिनधास्त, ह्यांच्या गोळ्या पोकळ असतात."

नवरा ड्युटीला निघाला होता, त्याला विचारलं.

"येडे, ती अंगात शिरली की फुलते. आरपार जात नाही, म्हणून मागच्या माणसाला लागत नाही."

"आणि पुढच्याला?"

तो बुटाची नाडी बांधत राहिला.

सातवीपर्यंत शिकले मी. एवढासा शब्द, आत काय आहे ते न बघताच पोरीच्या हातात दिला.

घाईघाईनं फोन लावला. मागं घोषणा चालल्या होत्या.

"ताई, सगळ्या घाबरल्या होत्या, मी त्यांना तुझं सांगितलं," ती हसत ओरडली, "आता आम्हीच सगळ्यात पुढं उभ्या आहोत!"