तळाशी बसलेलं औषध

स्पिरिटचा उग्र, गार वास आणि पितळी भांड्यातल्या उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजची नाजूक किणकिण! आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत सकाळ उजाडायची ती अशी.

अण्णांना, माझ्या वडिलांना, मधुमेह होता. आधी त्यांचं इन्सुलिन पाण्यासारखं नितळ असे. टोचलं की अर्ध्या तासात कामाला लागे आणि दुपारपर्यंत ओसरे, म्हणून संध्याकाळच्या जेवणाआधी पुन्हा सुई. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या धगधगत्या दिवसांत डॉक्टरांनी नवं इन्सुलिन सुरू केलं. हे पांढुरकं, गढूळ. कातडीखाली रेंगाळत, थोडं थोडं विरघळत, दिवसरात्र पुरणारं. दिवसाला एकच सुई! अण्णांना झालेला आनंद मी काय वर्णावा?

बाटली आणायला मीच गेले होते. "तळाशी साका बसतो, पोरी. टोचण्याआधी बाटली तळव्यांत हळूहळू फिरवायची, सगळं सारखं मिसळू द्यायचं. आईला आठवणीनं सांग," डॉक्टरांनी बजावलं. परतताना नाक्यावर मोर्चा आडवा आला. घोषणांनी अंगावर रोमांच उभे राहिले, मीही घसा बसेपर्यंत ओरडले, आणि घरी पोचेपर्यंत निरोप साफ विसरले.

आई बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवून ती ते निवळू देई आणि वरचं अलगद ओतून घेई. तोच न्याय तिनं औषधाला लावला. बाटलीला धक्का लागू द्यायचा नाही, सुई जेमतेम बुडवून वरचं नितळ तेवढं ओढायचं. त्या नितळात औषध जवळजवळ नव्हतंच. अण्णांची तहान वाढली, सदरा खांद्यावर लोंबू लागला, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. बाटलीत साकाच उरला तेव्हा नेमका कडकडीत हरताळ. औषधांची दुकानं बंद. नाइलाजानं आईनं त्या दिवशी तळाचं दाट औषध टोचलं, तेही वाढवलेल्या मात्रेत.

दिवस मावळताना अण्णांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले.

"थोडी साखर दे गं," ते काकुळतीनं म्हणाले.

वर्षानुवर्षं त्यांच्यापासून साखरेचा डबा लपवणारी आई म्हणाली, "अहो, असं काय करता? साखर म्हणजे विष आहे तुम्हाला."

बंद रस्त्यांतून डॉक्टर चालत आले, तोवर अण्णा गेले होते. डॉक्टरांनी रिकामी बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते आईला काही बोलले नाहीत.

आई त्यानंतर पुष्कळ जगली. "ह्यांच्या औषधात मी गाळाचा कणही जाऊ दिला नाही हो, त्या एका दिवसाखेरीज," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि त्या एका दिवसासाठी स्वतःला दोष देत राही. तो दोष माझा होता. मी तो कधीच मागून घेतला नाही. तिच्यावरच्या मायेनं, की भित्रेपणानं? माझं मला ठाऊक आहे.

आता तो आजार माझ्याही वाट्याला आला आहे. सकाळी स्पिरिटचा वास दरवळतो, भांड्यात सिरिंज किणकिणते, आणि मी गढूळ बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवते. औषध केव्हाच मिसळलेलं असतं, तरी हात थांबत नाहीत.