आमच्या घरात एसपी नको

हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग चहा तोंडाला लावा, नाहीतर ठसका लागेल. जे सांगणार आहे ते मी अजून भावकीतही कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे मी नाही सांगितलं. बाकी भिवंडीतल्या आमच्या अर्ध्या कामतघरला ते माहीत आहे, ती गोष्ट वेगळी.

तर पहिली गोष्ट, मी संशयी माणूस आहे. दूध पातळ आलं तर मी दूधवाल्याला बोलतोच, पण दाट आलं तरी विचारतो की बाबा, आज यात काय घातलंस? एखाद्यानं सकाळी नमस्कार केला आणि संध्याकाळी परत केला, तर याचं माझ्याकडे काय काम असेल, हाच विचार मी रात्रीच्या जेवणापर्यंत करतो. आमची सुनंदा म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याचं आधार कार्ड मागाल. आता मागू नये का? दिवस कसले आहेत?

दुसरी गोष्ट आमच्या भागाची. आमच्याकडे माणूस मोठा झाला की त्याचं नाव छोटं होतं. बारशाला ठेवलेलं नाव फक्त लग्नपत्रिकेपुरतं उरतं. चार गोदामं झाली, मागे पांढरी गाडी आली, की शांताराम पोशा पाटलाचा एस.पी. होतो. खाडीकडचे एक बी.के. आहेत. त्यांचं खरं नाव त्यांच्या सुनेलाही ठाऊक नसेल. मला अजून सगळे दशरथच म्हणतात, यावरून माझं काय चाललंय ते ओळखा. पॉवरलूमच्या सुट्या सामानाचं दुकान आहे, वर राहतो, चाललंय.

या एस.पी.शी माझं बोलणं बंद होतं. कारण विचाराल तर त्याच्या पुतण्याची हळद. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे हळदीची पत्रिका म्हणजे मतदारयादी. पणजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं त्यात असतात. माझं नव्हतं. छपाईची चूक झाली, असा त्यानं निरोप धाडला. मान्य. पण एवढ्या नावांमधून छापणाऱ्याला नेमकं माझंच बरं गाळायला सापडलं? त्यात अंबाडी रोडला त्याच्या गोदामाला चिकटून माझा जमिनीचा एक तुकडा आहे. त्याचा त्यावर डोळा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो कधी बोलला नाही, आणि म्हणूनच मला पक्कं ठाऊक होतं.

आणि हाच एस.पी. आमची प्रणाली जिथे अकरावीला लागली, त्या कॉलेजचा ट्रस्टी.

प्रणाली माझी एकुलती एक मुलगी. दहावीला सगळ्या विषयांत बरी, गणितात देव पावला म्हणून सुटली. पण मी ठरवून टाकलं होतं की कॉमर्स घ्यायचं, गणित सोडायचं नाही आणि सीए व्हायचं. दुकानात कुणीही आलं की मी हे सांगायचो. लूमची पिकिंग स्टिक घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा सांगायचो. प्रणाली ऐकून नुसती मान हलवायची. सोळा वर्षांची मुलगी बापाचं ऐकून नुसती मान हलवते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नेमका तिथे आला नाही.

आता ऐका पुढे. आमच्या घराला लागून लूमचा कारखाना. त्यामुळे आमच्याकडे गुपित सांगायला कुजबुजावं लागत नाही. लूम चालू असले की गॅलरीत उभं राहून खुशाल ओरडून बोला, जिन्यातल्या माणसालाही ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी मी जिन्यात होतो आणि प्रणाली गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तेवढ्यात लाइट गेली. सगळे लूम एका दमात बंद झाले, आणि उरला फक्त माझ्या मुलीचा आवाज.

"मला एसपीच पाहिजे. आईला माहितीये. पप्पांना नको सांगूस, ते घर डोक्यावर घेतील."

एवढं बोलून तिलाही ती शांतता ऐकू आली असावी, कारण पुढचं मला काही कळलं नाही. पण पुढचं ऐकायची गरजच काय होती? मला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं.

मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा बॅटरीच्या उजेडात सुका जवळा निवडत होती. मी एकदम अंगावर गेलो नाही. संशयी माणूस कधी सरळ प्रश्न विचारत नाही. मी माठातलं पाणी घेतलं, अर्धं प्यायलो, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की ते एसपीचं काय ठरलं मग?

तिचा हात थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते सोड. खरं की खोटं?"

"खरंय. पण चिडू नका हो. ज्यांना गणित झेपत नाही त्या सगळ्या मुली एसपीच धरतात."

"सगळ्या?"

"सगळ्या. दोन वर्षं काढायची, बारावी झाली की सोडून द्यायचा."

ही माझी बायको. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत न करणारी. ही बाई एका माणसाला दोन वर्षं वापरून सोडून द्यायची भाषा करत होती, आणि तेही जवळा निवडता निवडता.

"आणि बदल्यात काय द्यायचं?" मी विचारलं.

"द्यायचंय काय? नुसती पत्रं लिहायची. नम्रपणे, व्यवस्थित, खाली 'आपली विश्वासू' लिहायचं. मार्क पडतात."

आपली विश्वासू! ज्या माणसानं पत्रिकेत माझं नाव छापलं नाही, त्याला माझी मुलगी नम्रपणे पत्रं लिहिणार आणि तो तिला मार्क देणार. मी जेवणाला नाही म्हणून खाली दुकानात येऊन बसलो. मागून सुनंदा सांगत होती की उद्या कॉलेजात पक्कं करायचा शेवटचा दिवस आहे, सही तरी करा. मी ऐकलं नसल्यासारखं केलं. ऐकलं मात्र नीट होतं.

दुकानात बसून मी सगळा धागा जुळवला. आज मार्क, उद्या बारावी, परवा पदवी. आणि एक दिवस एस.पी. गाडीतून उतरणार, माझ्या खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, दशरथ, पोरीसाठी एवढं केलं, आता तो अंबाडी रोडचा तुकडा देऊन टाक. मी नाही कसा म्हणणार? सांगा ना. माझ्या मुलीच्या सहीची पत्रं त्याच्याकडे असणार.

दुसऱ्या दिवशी घरी कुणाला न सांगता मी कॉलेज गाठलं. मोठी रांग होती. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते, जवळच्या शेलार गावात राहणारे, सरळ माणूस वाटला. मी हळूच विचारलं, तुमची मुलगीही एसपीवाली का? ते म्हणाले, हो, एसपी आहेच आणि बीकेसुद्धा. मी म्हटलं, बीके पण? तर म्हणाले, "बीकेशिवाय कॉमर्स होतच नाही हो. तो घ्यावाच लागतो."

मला खोटं वाटलं नाही. खाडीपासून हायवेपर्यंतची गोदामं बघा, बी.के.शिवाय भिवंडीत खरंच काही कॉमर्स होत नाही. पण हे शाळा-कॉलेजपर्यंत पोचलंय, याचं मला फार वाईट वाटलं. मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन सांगितलं की घाबरू नका, आपण पालकांनी एक झालं पाहिजे. ते माझ्याकडे बघत दोन पावलं मागे सरकले. दबाव असणार, असं मी समजलो.

माझा नंबर आला. विषयांचं काम बघणाऱ्या मॅडम होत्या, चष्म्यातून वर न बघता नाव विचारणाऱ्या. मी नाव सांगितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मॅडम, आमच्या घरात एसपी नको."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाल्या, तुमच्या मुलीनं तर एसपीच मागितलाय, आणि जागा थोड्या होत्या तरी तिला मिळालाही आहे. मी म्हटलं, मिळाला असेल, तो सगळ्यांनाच मिळतो, म्हणून काय घ्यायचा? मेहनतीवर होईल ते होऊ द्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग गणित देऊ? मी म्हटलं, द्या. गणितात निदान कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

मॅडम खूश. असे पालक हवेत, म्हणाल्या. मागच्या रांगेला माझं उदाहरणसुद्धा दिलं. मी सही ठोकली आणि बाहेर पडलो तो छाती पुढे काढूनच. येताना अर्धा किलो जिलेबी घेतली. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

घरी येऊन मी पुडा टेबलावर ठेवला आणि दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. कट कसा पकडला, रांगेत काय बोललो, मॅडम काय म्हणाल्या. सुनंदानं कपाळाला हात लावला. प्रणाली रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. विषय आहे तो. कंपनीची पत्रं कशी लिहायची ते शिकवतात. गणित नको असेल तर तो घेता येतो."

मी विचारलं, आणि बी.के.?

"बुक कीपिंग."

शेलारच्या त्या गृहस्थांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. पण खरं सांगू का, त्याची लाज नंतर वाटली. आधी दुसरंच ऐकावं लागलं. प्रणाली म्हणाली की गणिताच्या प्रत्येक पेपरला ती आधी बाथरूममध्ये रडून मग जायची. पाचवीपासून. सीएचं मी एवढ्या हौसेनं सांगत होतो म्हणून तिला मला सांगवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगातल्या प्रत्येक माणसावर मी संशय घेतला, आणि माझ्याच घरातली मुलगी पाच-सहा वर्षं डोळे पुसून पेपरला जात होती ते मला दिसलं नाही. जिलेबीला कुणी हात लावला नाही.

मी तसाच उलट पावली कॉलेजला गेलो. मॅडमच्या टेबलापुढे हात जोडून म्हणालो, चूक झाली, मला एसपी परत द्या. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सोडलेली जागा लगेच मागच्या मुलीला गेली. तुकडी भरली. आता एक जागा वाढवायची तर ट्रस्टींनीच सांगायला हवं.

मी विचारलं, कोणत्या ट्रस्टींनी?

"एस.पी. साहेबांनी," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, अगदी काळजीनं विचारलं, "ते चालतील ना तुम्हाला?"

एस.पी.चं ऑफिस रस्त्यालाच आहे. त्याच्यासमोरून मी गाडी दोनदा नेली आणि दोनदा परत वळवली. तिसऱ्यांदा प्रणालीचं ते बाथरूममध्ये रडणं आठवलं आणि गाडी आपोआप थांबली. आत नेहमीचा दरबार भरलेला. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "मला एसपी पाहिजे होता."

"समोरच बसलेत," एक जण म्हणाला.

मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. लाइट गेली तिथपासून. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरत होते. एस.पी. तेवढा हसला नाही. शेवटी म्हणाला, "दशरथ, सकाळपासून मना फोनवर फोन येतान, का तू कॉलेजान उभा राहून बोंबललास, आमचे घरान एसपी नको. मना वाटला, पत्रिकेचा राग अजून हाय. पोरीचा काम हाय तर लाजतोस कशाला?"

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. दोन वाक्यांत काम झालं. मी खुर्चीच्या टोकावर बसून वाट बघत होतो, आता अंबाडी रोड निघेल, आता निघेल. निघालाच नाही. शेवटी मला राहवेना. मीच विचारलं की बदल्यात काय करायचं? तो म्हणाला, चहा पी. मी प्यायलो. साखर जरा जास्त होती, ती का, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आलो तो राजासारखा. दारातूनच सांगितलं, झालं काम, एसपी मिळाला. सुनंदानं देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, आता पोरगी गळ्यात पडेल, पप्पांशिवाय कुणी केलं असतं म्हणेल. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. प्रणालीनं माझ्याकडे बघतच तिला सांगितलं,

"हो गं, मिळाला. माझा माझा मिळाला होता, तो पप्पांनी सकाळी परत केला. आता वशिल्याचा घेऊन आलेत."